वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक: शॅडो प्रीस्ट घेऊन आठ महिने

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमचं जुन्या रूपातलं क्लासिक ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालं तेव्हापासून मी एकच पात्र खेळतेय. प्रीस्ट (साथीदारांना बरं करू शकणारा, म्हणजे हील करणारा क्लास, पात्राचा प्रकार), आणि तोही शॅडो, म्हणजे काळ्या जादूनं मारा करणारा. आठ महिने थांबून लिहितेय, कारण लेव्हल चढवताना क्लासबद्दल जे मत होतं ते रेडमध्ये (मोठ्या गटानं बलाढ्य बॉसशी लढण्याच्या मोहिमेत) गेल्यावर पार बदलतं.

६० या शेवटच्या लेव्हलपर्यंतचा प्रवास मला फार आवडला. ४० व्या लेव्हलला शॅडोफॉर्म मिळतो, शॅडोचा मारा १५ टक्क्यांनी वाढतो आणि अंगावर येणारा शारीरिक मार तेवढाच कमी होतो. एकास एक लढतीत समोर कोण आहे याची मी फारशी फिकीर केली नाही.

मग ४० जणांचे रेड सुरू झाले. गिल्डच्या (आमच्या खेळाडूंच्या संघाच्या) म्होरक्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "प्रीस्ट आहेस ना, मग हील कर." खूप लागलं मला ते. पण त्याचं गणित चुकीचं नव्हतं. २०१९ च्या क्लासिकमध्ये बॉसवर एका वेळी फक्त १६ डीबफ, म्हणजे शत्रूवर काही काळ टिकणारे वाईट परिणाम, राहायचे (मूळ गेम आला तेव्हा तर ८ च), आणि शॅडो प्रीस्टचा सगळा संसार डीबफवर. माझ्या मंत्रांपैकी शॅडो वर्ड पेन एक जागा खातो, माइंड फ्ले दुसरी, व्हँपिरिक एम्ब्रेस तिसरी. त्यात लढाई लांबली की माना (मंत्रांसाठी लागणारी शक्ती) संपतो आणि नुसती वाँड, जादूची कांडी, चालवत राहावं लागतं. वॉरियरच्या हातात चांगली शस्त्रं आली की तो मीटरवर (कोण किती मारा करतो ते दाखवणाऱ्या यादीत) कुठच्या कुठे निघून जातो. मी कितीही नीट खेळले तरी ते अंतर भरून निघत नाही.

तरीही मला जागा मिळाली ती शॅडो वीव्हिंग या माझ्या कौशल्यामुळे. त्याचे पाच थर चढले की बॉसला शॅडोचा मारा १५ टक्के जास्त लागतो, आणि तो फक्त माझा नाही, शॅडोचाच मारा करणाऱ्या प्रत्येक वॉरलॉकचाही. आमच्याकडे पाच वॉरलॉक आहेत. मीटरवर माझं नाव खालीच राहतं, पण त्यांच्या आकड्यांत माझा वाटा असतो, आणि मला ते पुरतं. समतोल मोजायचा तर असाच मोजावा असं मला मनापासून वाटतं: हा खेळाडू नसला तर गटाचं काय अडतं?

या कसोटीवरही क्लासिक कमी पडतं. थर पाचांच्या वर जात नाहीत, त्यामुळे दुसऱ्या शॅडो प्रीस्टला रेडमध्ये काही कामच उरत नाही. २००७ च्या बर्निंग क्रुसेड या मूळ गेमच्या विस्तारानं यावर फार सुंदर उपाय काढला होता. व्हँपिरिक टच या मंत्रामुळे शॅडो प्रीस्टच्या माऱ्यातून त्याच्या पार्टीला (रेडमधल्या छोट्या गटाला) माना परत मिळू लागला, आणि हीलर स्वतःहून त्याला आपल्या पार्टीत मागू लागले. २०१९ च्या क्लासिकमधले क्लास मात्र मूळ गेमच्या १.१२ पॅचवर (आवृत्तीवर) गोठवलेले होते, तिथे तसा बदल नव्हता.

आमच्या गिल्डमध्ये शॅडो आवडणारी आणखी एक मुलगी आहे. दोन महिने ती काही न बोलता हील करत होती. आता आम्ही एक आठवडा आड जागा बदलतो. प्रत्येक वेळी टॅलेंट (कौशल्यांची निवड) फिरवायला दोघींचे गेममधले ५०-५० गोल्ड जातात, म्हणून रेड नसलेल्या संध्याकाळी आम्ही मिळून वनस्पती गोळा करत हिंडतो.