बिनआईची पिल्लं: मिल्क पावडर, बाटली, सिरिंज यातलं काय घ्यावं

आधी स्पष्ट सांगते, मांजराच्या पिल्लांसाठी जी मिल्क रिप्लेसर पावडर (म्हणजे आईच्या दुधाऐवजी कालवून पाजायची) मिळते ना ती घ्याच, महाग आहे तरी घ्या. ऑनलाइन तिच्याखाली एक स्टार देऊन "पिल्लू गेलं, पावडर बेकार" असं लिहिलेलं सारखं दिसतं आणि ते वाचून लोक पावडर न घेता पिशवीचं दूध पाणी घालून पाजायला जातात, म्हणून हा रिव्ह्यू एवढा लांबलचक लिहितेय. आमच्याकडे ठाण्यात पावसाळा लागला की जिन्याखाली, मीटर बॉक्समागे, पार्क केलेल्या गाडीच्या बॉनेटमध्ये पिल्लं सापडतात आणि सोसायटीत सगळ्यांना माहितीये की माझ्याकडे सामान तयार असतं, त्यामुळे वेगवेगळ्या पावडरी, बाटल्या, निपलं सगळं हाताखालून गेलंय.

पण खरेदीच्या आधी एक. पिल्लं दिसली की लगेच उचलू नका. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात ते उगाच नाही, ती एकेकाला तोंडात धरून हलवत असते आणि मधल्या वेळात बाकीची एकटी दिसतात. पिल्लं कोरडी, पोट भरलेली आणि गप्प झोपलेली असतील तर आई आसपासच आहे असं धरा आणि लांबून लक्ष ठेवा (लांबून म्हणजे खरंच लांबून, घोळका करून मोबाईल रोखून उभे राहिलात तर ती येणारच नाही). माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकून देते असं आजही लोक ठामपणे सांगतात, त्यात काही तथ्य नाही, आली तर उचलून घेऊन जाते. आणि तिच्या दुधाची सर कुठल्याच डब्याला नाही, पहिल्या दिवसाच्या चिकातून पिल्लाला जी प्रतिकारशक्ती मिळते ती पावडरीत नसते. पिल्लं भिजलेली असतील, गार पडली असतील, सारखी ओरडत असतील किंवा आई गाडीखाली आल्याचं पक्कं माहीत असेल तर मात्र वाट बघत बसायचं नाही.

आता पावडर. मी सगळ्यात जास्त वापरलंय ते रॉयल कॅनिनचं बेबीकॅट मिल्क. ३०० ग्रॅमच्या पॅकमध्ये १००-१०० ग्रॅमची तीन पाकिटं, मापाचा चमचा, बाटली आणि निपलं असतात. वेगवेगळी पाकिटं ही मला यातली सगळ्यात कामाची गोष्ट वाटते कारण आपल्याकडे जून-जुलैत हवेत इतका दमटपणा असतो की मोठा डबा एकदा उघडला की पावडर ओल धरते, गुठळ्या होतात, मग माप चुकतं आणि दूध कधी पातळ कधी घट्ट होतं. इथे एक पाकीट फोडायचं, हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायचं, बाकीची दोन तशीच राहतात. दुसऱ्या कंपन्यांच्या पावडरीही येतात, त्याही चालतात, फक्त लेबलवर ती मांजराच्या पिल्लांची आहे, मिल्क रिप्लेसर आहे हे नीट वाचा. "कॅट मिल्क" म्हणून जे तयार दूध मिळतं ते बऱ्याचदा मोठ्या मांजरांचा खाऊ असतो, त्यावर नवजात पिल्लू जगत नाही.

गाईचं दूध का नको, हे दर वेळी कोणीतरी विचारतंच, "आमच्या आजीने तर ताटलीत दूध ठेवूनच मांजरं वाढवली" वगैरे. ती मांजरं आईचं पिऊन मोठी झालेली होती हो. मांजरीच्या दुधात प्रोटीन गाईच्या दुधाच्या जवळपास दुप्पट असतं, आणि गाईच्या दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज पिल्लाला झेपत नाही, जुलाब होतात, आणि १०० ग्रॅमच्या जिवाच्या अंगातलं पाणी जायला कितीसा वेळ लागतो. त्यात पाणी घातलं की पोषण अजूनच कमी. लहान मुलांच्या फॉर्म्युलाचंही तेच, माणसाच्या बाळाला जेवढं प्रोटीन लागतं त्याने मांजराचं भागत नाही. रात्री दुकानं बंद असतील तर एखाद्या वेळेपुरतं बकरीचं दूध देऊन वेळ निभावून नेतात, पण सकाळी पावडर आणायचीच.

कालवताना पाणी उकळून कोमट करून घ्या, डब्यावरचं माप तंतोतंत पाळा, काट्याने हळूहळू फिरवा. बाटलीत घालून जोरजोरात हलवलं की फेस होतो आणि तो फेस पोटात जाऊन पिल्लू फुगतं, म्हणून कालवून थोडं मुरू द्या, फेस बसू द्या. मनगटावर थेंब टाकून बघा, अंगाइतकंच गरम लागलं पाहिजे. कालवलेलं दूध फ्रिजमध्ये एक दिवस चालतं, एकदा गरम केलेलं उरलं तर फेकून द्या. चव, वास, पचन याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, पिल्लं आवडीने पितात आणि शी मोहरीच्या रंगाची, मऊ पण आकार धरणारी होते, म्हणजे पचतंय.

आता ते एक स्टारवाले. पिल्लू का जातं? बहुतेक वेळा पावडरीमुळे नाही, गारठ्यामुळे आणि चुकीच्या पाजण्यामुळे. पहिले तीन आठवडे तरी पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, आईची आणि भावंडांची ऊबच त्याला धरून ठेवते. पहिल्या आठवड्यात अंगाचं तापमान साधारण ३५ ते ३७ अंश असतं आणि त्याच्याखाली गेलं की आतडी काम करायचीच थांबतात, पोटात घातलेलं दूध तसंच पडून राहतं, सडतं. म्हणजे गार पडलेल्या पिल्लाला कळवळून दूध पाजणं हेच त्याच्या जिवावर उठतं. आधी ऊब, मग दूध, हा क्रम काही झालं तरी बदलायचा नाही. तोंडात बोट घालून बघा, आतून गार लागलं तर आधी छातीशी धरा, दुपट्यात गुंडाळा, हळूहळू तासाभरात गरम करा, हेअर ड्रायरने एकदम नको. पुठ्ठ्याच्या खोक्यात जुनी गोधडी, तिच्याखाली अर्ध्याच भागात टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी, म्हणजे जास्त गरम झालं तर त्याला सरकायला जागा राहते. पहिल्या आठवड्यात खोक्यातली हवा ३० अंशांच्या आसपास लागते. आपल्याकडे लोकांना वाटतं मुंबईच्या उकाड्यात ऊब कसली द्यायची, आणि खोकं बरोब्बर पंख्याखाली नाहीतर एसीच्या खोलीत ठेवतात!

बाटलीबद्दल. ऑनलाइन जे स्वस्तातले सेट येतात, एक बाटली, पाच-सात निपलं, एक साफ करायचा ब्रश, त्यातला एक मी मागवला होता (नाव लिहीत नाही, असे ढीगभर सेट सारखेच आहेत) आणि तो मी कोणालाही सुचवणार नाही. काही निपलांना भोकच नव्हतं आणि काहींचं एवढं मोठं की बाटली उलटी केल्यावर धार लागत होती. भोक नसणं ठीक आहे, चांगल्या बाटल्यांचीही बरीच निपलं बिनभोकाची येतात, सुई तापवून टोचायचं किंवा टोकाला कात्रीने बारीकशी फुली मारायची. भरलेली बाटली उलटी धरली की थेंब थेंब पडायला हवा. धार लागली तर ते निपल कचऱ्यात टाका, हळहळू नका, कारण ती धार घशातून सरळ फुफ्फुसात जाते आणि मग न्यूमोनिया होतो. दूध नाकातून बाहेर आलं की पाजणं लगेच थांबवायचं, डोकं खाली करून पुसून घ्यायचं, आणि नंतर श्वासाचा घरघर आवाज येत राहिला तर थेट डॉक्टरकडे.

म्हणूनच पिल्लाला माणसाच्या बाळासारखं पाठीवर झोपवून कधीच पाजू नका. व्हिडिओत गोड दिसतं, पण मांजर आईला पितं ते पोटावर, पुढचे पाय टेकवून, मान किंचित वर करून. तसंच टॉवेलवर ठेवायचं, निपल समोरून थोडं वरच्या बाजूने द्यायचं आणि बाटली दाबायची नाही, त्याला लुचू द्यायचं. नीट लुचायला लागलं की ओळखू येतं, जीभ निपलाला गुंडाळली जाते, पुढचे पंजे आळीपाळीने मालिश केल्यासारखे दाबत राहतात आणि प्रत्येक घोटाला कान मागेपुढे हलतात. कान हलत नसतील आणि दूध ओठांच्या कडेने गळत असेल तर ते पीत नाहीये, आपण ओततोय.

अगदी दोन-तीन दिवसांच्या, ९०-१०० ग्रॅमच्या पिल्लाच्या तोंडात बाटलीचं निपल मावतच नाही. तिथे मेडिकलमधली बिनसुईची छोटी सिरिंज, १ किंवा ३ एमएलची, आणि तिच्या टोकाला बसणारं बारीक सिलिकॉनचं निपल. मिरॅकल निपल म्हणून एक येतं, त्याची छोटी साईज माझ्या मते या सगळ्या सामानातली सगळ्यात भारी वस्तू आहे, पिल्लू स्वतः ओढतं तेवढंच दूध येतं आणि किती एमएल गेलं ते सिरिंजवर समोर दिसतं. मागवावं लागतं, पिल्लं सापडल्यावर शोधत बसलात तर यायला वेळ जातो, तेव्हा आधीच घेऊन ठेवा. ड्रॉपर आणि कापसाच्या बोळ्याने थेंब टाकणं नको, किती गेलं कळत नाही आणि कापसाचे तंतू तोंडात जातात.

किती पाजायचं, तर १०० ग्रॅम वजनाच्या पिल्लाच्या पोटात एका वेळी साधारण ४ एमएल मावतं, त्याच्या वर जायचं नाही. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दुसऱ्यात तीन-चार तासांनी, मग अंतर वाढवत न्यायचं. घरात दोघं असाल तर रात्रीच्या पाळ्या लावून घ्या, एकट्याने निभत नाही. आणि प्रत्येक वेळी आधी आणि नंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शेपटीखाली हलकेच चोळून शी-शू करवायची, कारण हे काम आई चाटून करते आणि तीन आठवड्यांपर्यंत त्याचं त्याला जमत नाही. हे सांगायला पावडरीच्या डब्यावर चार ठळक ओळी असायला हव्या होत्या असं मला मनापासून वाटतं.

एक वस्तू कुठल्याच सेटमध्ये नसते आणि ती मी पावडरीच्या खालोखाल महत्त्वाची मानते, ती म्हणजे एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. रोज एकाच वेळी, पाजायच्या आधी वजन करून वहीत लिहायचं. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढायला हवं. एक दिवस वाढलं नाही तर लक्ष ठेवा, घटलं तर संध्याकाळची वाट बघू नका. पिल्लू वरवर छान दिसत असतं आणि काटा आदल्या दिवशीच सांगत असतो. मुंबईत जवळपास डॉक्टर नसेल तर परळचं बैलघोडा आहेच, जुनं, मोठं जनावरांचं हॉस्पिटल. जंताचं औषध दोन-तीन आठवड्यांपासून सुरू होतं, तेही डॉक्टरला वजन सांगूनच. पिसवा असतील तर एवढ्या लहान पिल्लाला बाजारातली औषधं लावू नका, बारीक दातांच्या फणीने काढा.

खर्चाचा अंदाज हवा असेल तर एक पिल्लू साधारण चार आठवड्यांचं होईपर्यंत ३०० ग्रॅम जवळपास संपतं. तीन पिल्लं असली की पैसे चांगलेच जातात, सोसायटीत वर्गणी काढा, लोक देतात, विचारायला लाजू नका. चौथ्या आठवड्याच्या आसपास निपल चावायला लागलं की उरलेली पावडर पातळ कालवून पिल्लांच्या ओल्या खाण्यात मिसळा आणि उथळ ताटलीत द्या. पहिले काही दिवस ती त्यात पाय घालून उभी राहतात, अंगभर माखून घेतात, पुसायला ओलं फडकं जवळ ठेवा. याच सुमाराला लिटर ट्रे (शी-शूसाठी वाळूसारखं लिटर भरलेला ट्रे) वापरायला शिकतात, पण गोळे होणारं लिटर आणू नका, ती ते खातात. न फोडलेलं पाकीट उरलं तर एक्सपायरी डेट बघून ठेवा, नाहीतर ज्या डॉक्टरकडे जाता त्यांच्या क्लिनिकमध्ये देऊन टाका, पावसाळ्यात तिथे कोणी ना कोणी पिल्लं घेऊन येतच असतं.