रीड-केलॉगची आकृती की रंगीत चौकटी?

मराठी माध्यमाच्या नववीला इंग्रजी शिकवणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, वाक्य फळ्यावर उलगडायचं तर रीड-केलॉगची आकृती घेऊ की रंगीत चौकटी?

आकृती अमेरिकेतल्या रीड आणि केलॉग या दोन व्याकरणकारांची, १८७७ची. आडव्या रेघेवर कर्ता आणि क्रियापद, दोघांच्या मध्ये आरपार उभी रेघ. विशेषणं खाली तिरकी लटकतात. शिकायला वेळ जातो, पण चूक पकडायला तिला तोड नाही. ‘द बॉक्स ऑफ मँगोज आर हेवी’ मांडून बघा: मँगोज खाली घसरतात आणि वर ‘बॉक्स आर’ उघडं पडतं; हवं ‘बॉक्स इज’. नियम वेगळा सांगावा लागत नाही.

तोटा मात्र मोठा. शब्दांचा मूळ क्रम मोडतो, आणि आपल्या मुलांचं घोडं नेमकं तिथेच अडतं; क्रियापद शेवटी टाकायची सवय जाता जात नाही. चौकटींत वाक्य जसंच्या तसं राहतं, फक्त प्रत्येक भागाभोवती रंगीत खडूने चौकट. कर्ता निळा, क्रियापद लाल, कर्म हिरवं. पोरं लगेच स्वतः रंगवू लागतात. खर्च म्हणाल तर दोन्हीकडे खडूचाच. लांबलचक मिश्र वाक्यात मात्र चौकटीत चौकट येऊन नुसता गोंधळ.

वाक्यरचनाच कच्ची असेल तर चौकटी. रचना जमते पण कर्ता-क्रियापदाचा मेळ चुकतो, अशा चार-पाच जणांना आकृती द्या. सगळ्या वर्गाला नको.