अ‍ॅम्पची अर्थिंग घासू का आयसोलेटर टाकू?

पाचोऱ्याचा मावसभाऊ परवा फोनवर, भो गाडीत गाणं लावलं की कुंईऽऽ येतं, अ‍ॅक्सिलेटर दाबला की अजून बारीक होत चढतं, स्पीकरला ताकद देणाऱ्या अ‍ॅम्पची अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्याला बोल्टने कसलेली वायर, नीट करू का ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे गाण्याच्या वायरमधे लावायची कुंई अडवणारी डबी, टाकू. इंजिनासोबत सूर चढतो म्हणजे अल्टरनेटरचा आवाज, इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करतो तो.

आधी अ‍ॅम्पमधून आरसीए वायर (स्टिरिओकडून गाणं आणणारी) काढून बघ, तरी आवाज राहिला तर आयसोलेटरचे पैसे वाचव.

खर्च म्हणशील तर अर्थिंगला पॉलिश पेपर अन जाड वायर, आयसोलेटरला तीनचारशे. मेहनत मात्र अर्थिंगला. माझ्या गाडीत डिकीची मॅट उचलली तर बोल्टखाली पांढरा रंग जसाच्या तसा, बसवणाऱ्याने घासलाच नव्हता, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासला, वायर हातभरच ठेवली, वरून ग्रीस लावलं गंज नको म्हणून, आवाज गप.

आयसोलेटर पाच मिनिटात बसतो, पण आत बारके ट्रान्सफॉर्मर असतात, स्वस्तातला असला की बेस खातो.

सबवूफर असेल अन एक रविवार मोकळा असेल तर अर्थिंगच कर. मोबाईल ऑक्सला (स्टिरिओच्या गाण्याच्या पिनला) अन चार्जरला एकदम लावल्यावरच कुंई येत असेल तर तिथे मात्र आयसोलेटर बरा, डिकी उघडूच नको.