फादरांच्या झग्यांचा नवा संच: जांभळा बदलून घ्यावा लागला, हिरव्याला शिलाई कमी पडली

वसईतल्या आमच्या देवळाची सॅक्रिस्टी, म्हणजे फादरांचे झगे आणि वेदीचं सामान ठेवायची खोली, मी सांभाळते. मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, वेळी फादर सगळ्यांत वर घालतात ते झगे धुणं, इस्त्री करणं आणि चर्चच्या वर्षातल्या काळाप्रमाणे रंग बघून काढून ठेवणं हे माझं काम. गेल्या नोव्हेंबरात वांद्र्याच्या एका दुकानातून पांढरा, लाल, हिरवा आणि जांभळा असे चार नवे झगे घेतले. चारही वर्षभर वापरून झाले, म्हणून आता लिहिते.

नाताळआधीचा आगमनकाळ लागला की जांभळा, म्हणजे पहिली परीक्षा त्याचीच. पिकल्या जांभळाचा रंग सांगितला होता, आला तो राणी कलरकडे झुकलेला. एरवी चालूनही गेला असता, पण आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी आणि ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाच्या चौथ्या रविवारी आम्ही गुलाबी वापरतो. वाट पाहण्याच्या आणि पश्चात्तापाच्या दिवसांत मधेच आनंदाची चाहूल देणारा तो रंग. शेजारच्या देवळातून आणलेला गुलाबी याच्याशेजारी टांगला, तर दोन्ही सारखेच दिसले. मग लोकांना फरक कळायचा कसा? दुकानदारानं मात्र वाद न घालता आठ दिवसांत बदलून दिला.

लाल फार सुंदर. कुंकवासारखा भडक नाही, गडद आहे. ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार, गुड फ्रायडे आणि रक्तसाक्षींचे, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण दिलेल्या संतांचे, सण, तिथे हा रक्ताचा रंग. पेन्टेकॉस्टला, म्हणजे पवित्र आत्मा शिष्यांवर उतरल्याच्या सणाला, तोच त्या आत्म्याच्या अग्नीचा. आई सांगायची, तिच्या तरुणपणी गुड फ्रायडेला काळा झगा असायचा. 1597 साली नागासाकीला क्रुसावर प्राण दिलेले संत गोन्सालो गार्सिया आमच्या वसईचे. त्यांच्या सणाला हा लाल वेदीवर दिसला तेव्हा डोळे भरून आले.

पांढऱ्यावरचं जरीकाम नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला छान उजळलं, ईस्टरलाही तसंच. त्याबद्दल तक्रार नाही.

हिरव्याचं मात्र वाईट वाटलं. हे खास काळ सोडून उरलेल्या सामान्य काळाचे 33-34 आठवडे, म्हणजे अर्ध्याहून जास्त वर्ष हाच रंग. भातशेतीच्या गावाला हिरव्याचा अर्थ वेगळा समजावावा लागत नाही: वाढ, आशा. आणि सगळ्यांत पातळ कापड, सगळ्यांत विरळ शिलाई यालाच! पावसाळ्यात घाम आणि दमट हवा, त्यात सारखं धुणं. ऑगस्टपर्यंत गळ्याची शिवण सुटली. दुकानात विचारलं तर म्हणाले, सणाच्या रंगांवरच लोक खर्च करतात. मला हे पटत नाही. रोजच्या मिस्सालाही तोच प्रभू येतो.

चारांचे मिळून 16,000 रुपये झाले. पांढरा आणि लाल डोळे झाकून घ्या. जांभळा दिवसाच्या उजेडात बघून घ्या. हिरव्यासाठी जाड कापड, गळ्याला दुहेरी शिलाई आणि आतून सुती पट्टी हे ऑर्डर देतानाच सांगा. मी ती पट्टी नंतर गावातल्या शिंप्याकडून लावून घेतली.