सोशल मीडिया मार्केटिंग शिकायचं कुठे: मोफत कोर्स, क्लास की स्वतःचं पेज?

व्यवसायासाठी हे शिकायला निघालेल्या माणसासमोर मुख्यतः तीन वाटा असतात. मेटा (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी), गूगलसारख्या कंपन्यांचे मोफत कोर्स, पैसे भरून केलेला क्लास आणि स्वतःच्या पेजवर थोडे पैसे लावून केलेला सराव. तिन्हींतून मिळतं ते वेगवेगळं. एकीकडून दुसरीची अपेक्षा ठेवली की वेळही जातो आणि पैसेही.

मोफत कोर्स

जाहिरातीच्या खात्याची रचना समजून घ्यायला मेटाचं ऑनलाइन शिकवणीचं व्यासपीठ, मेटा ब्लूप्रिंट, पुरेसं आहे. कॅम्पेनमध्ये उद्दिष्ट ठरतं, अ‍ॅड सेटमध्ये प्रेक्षक आणि वेळापत्रक, तर अ‍ॅडमध्ये चित्र, व्हिडिओ आणि मजकूर. या तीन पायऱ्या डोक्यात बसल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. यूट्यूबच्या जाहिराती आणि गूगल अ‍ॅनालिटिक्ससाठी (वेबसाइटवर कोण कुठून आलं ते मोजणारं साधन) गूगलचं स्किलशॉप आहे. कंटेंटचं नियोजन शिकायला हबस्पॉट अकॅडमीचा सोशल मीडियाचा कोर्स सोपा पडतो. ब्लूप्रिंटचे कोर्स मोफत असले तरी मेटाच्या प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क असतं. स्वतःचा धंदा चालवणाऱ्याला त्या परीक्षेची गरज नाही. नोकरी शोधणाऱ्याला तिचा उपयोग होऊ शकतो.

या कोर्सची मर्यादा उघड आहे. जाहिरातीची जागा विकणारी कंपनीच इथे शिकवते. बटणं कुठे आहेत हे ती उत्तम सांगेल, पण तुमच्या मालाला ही जागा मुळात योग्य आहे का, हा प्रश्न ती तुमच्या वतीने विचारणार नाही.

पैसे भरून क्लास

क्लासची किंमत एकाच गोष्टीसाठी मोजावी: शिकवणारा तुमचं खातं उघडून चुका दाखवणार असेल तर. नुसते रेकॉर्ड केलेले व्हिडिओ असतील तर त्यातलं बरंचसं मोफतही मिळतं.

अभ्यासक्रम जुना आहे का, हे फी भरण्याआधी तपासता येतं. मेटाच्या जाहिरातींत पूर्वी 11 उद्दिष्टं होती. आता 6 आहेत: ओळख, ट्रॅफिक (वेबसाइटवर लोक आणणं), एंगेजमेंट (लाइक, कमेंट, मेसेज वगैरे), लीड्स (चौकशा), अ‍ॅपचा प्रचार आणि विक्री. नमुना व्हिडिओत ‘कन्व्हर्जन्स’ किंवा ‘कॅटलॉग सेल्स’ ही वेगळी उद्दिष्टं दिसली, तर रेकॉर्डिंग जुनं आहे. दुसरं, कन्व्हर्जन्स एपीआयबद्दल, म्हणजे खरेदीची माहिती वेबसाइटच्या सर्व्हरकडून थेट मेटाला पाठवण्याच्या सोयीबद्दल, विचारून बघा. एप्रिल 2021 मध्ये अ‍ॅपलने आयओएस 14.5 आणलं. तेव्हापासून दुसऱ्या अ‍ॅप आणि वेबसाइटवरच्या हालचालींचा माग घ्यायला आयफोनवर आधी परवानगी मागावी लागते. त्यामुळे नुसत्या पिक्सेलवर (वेबसाइटवर बसवलेला, ग्राहकाच्या ब्राउझरमधून मेटाला माहिती देणारा कोड) बरीच खरेदी मोजलीच जात नाही, आणि सर्व्हरकडून थेट माहिती पाठवणं महत्त्वाचं झालं. यावर उत्तर टाळणाऱ्या क्लासला फी देऊ नये.

स्वतःच्या पेजवर सराव

हात बसतो तो इथेच, आणि सगळ्यात जास्त पैसे वाया जातात तेही इथेच. कारण बहुतेक वेळा घाई असते. मेटाचा नवा अ‍ॅड सेट आधी ‘लर्निंग फेज’मध्ये असतो. त्यातून बाहेर यायला आठवड्याभरात साधारण 50 निकाल लागतात, म्हणजे 50 चौकशा किंवा 50 खरेद्या, ज्यासाठी जाहिरात चालवली आहे ते. दुसऱ्याच दिवशी घाबरून प्रेक्षक किंवा चित्र बदललं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

यातूनच बजेटचा हिशेब निघतो. एक चौकशी जितक्याला पडते, त्याच्या साधारण 7 पट रोजचं बजेट हवं. तेवढं झेपत नसेल तर एकाच अ‍ॅड सेटवर पैसे लावा. चार अ‍ॅड सेट केले की प्रत्येकाला वेगळे 50 निकाल लागतात. तरीही पुरत नसेल, तर खरेदीऐवजी ‘कार्टमध्ये टाकलं’सारख्या जास्त वेळा घडणाऱ्या टप्प्यासाठी जाहिरात चालवा.

आकडे वाचण्याची सवयही सरावातूनच लागते. समजा जाहिरात 4,000 वेळा दिसली, 40 क्लिक झाले आणि 2 ऑर्डर आल्या. क्लिकचं प्रमाण 1 टक्का, क्लिकमागे ऑर्डर 5 टक्के. क्लिकच कमी असतील तर चित्र, पहिली ओळ किंवा प्रेक्षक चुकलाय. क्लिक भरपूर आणि ऑर्डर शून्य असेल, तर आधी वेबसाइटचं पान तपासा, कारण अशा वेळी जाहिरात बदलून सहसा काही होत नाही.

मेटा आणि अ‍ॅनालिटिक्सचे आकडे जुळत नाहीत म्हणून गोंधळून जाऊ नका. क्लिकनंतर 7 दिवसांत किंवा नुसती जाहिरात दिसल्यावर 1 दिवसात झालेली खरेदी मेटा साधारणपणे स्वतःच्या खात्यात धरतं. अ‍ॅनालिटिक्सची पद्धत वेगळी आहे. प्रत्येक लिंकला यूटीएम टॅग (लिंकच्या शेवटी जोडलेली, ग्राहक कुठून आला ते सांगणारी खूण) लावला, तर कोणती पोस्ट कामाला आली हे निदान एका ठिकाणी नीट दिसतं.

मग निवड कशी करावी?

विक्री नुकतीच सुरू झाली असेल आणि रोज एखादा तास निघत असेल, तर आधी ब्लूप्रिंटचे मूलभूत धडे, मग महिनाभर सराव. जाहिरात आधीच चालू आहे, पण खर्च का वाढतोय ते कळत नसेल, तर क्लास घेण्याची हीच वेळ, कारण विचारायला खरे प्रश्न हातात असतात. अगदी वेळच नसेल तर काम एजन्सीला द्या. मात्र जाहिरातीचं खातं आणि पिक्सेल तुमच्याच बिझनेस खात्यात उघडा, पासवर्ड न देता त्यांना पार्टनर म्हणून प्रवेश द्या आणि दुहेरी पडताळणी चालू ठेवा. खातं एजन्सीच्या नावावर असेल, तर काम थांबल्यावर जमलेला सगळा डेटा त्यांच्याकडेच राहतो.