कॅन बसवर पहिला नंबर कोणाचा: आयडीचा, वेळापत्रकाचा की फरकाचा?

समजा एका कॅन बसवर, म्हणजे गाड्या-यंत्रांतली उपकरणं आळीपाळीने बोलतात त्या सामायिक तारेवर, 12 नोड (जोडलेली उपकरणं) आहेत. वेग 500 किलोबिट प्रति सेकंद, आणि प्रत्येक नोड दर 10 मिलिसेकंदांनी 8 बाइटचा एक संदेश पाठवतो. 11 बिटांच्या आयडीची (संदेशाच्या ओळख-क्रमांकाची) अशी फ्रेम, म्हणजे तारेवरचा पूर्ण संदेश, स्टफ बिटांसकट (ताळमेळासाठी मध्ये घातलेले जादा बिट) जास्तीत जास्त 135 बिटांची, म्हणजे 270 मायक्रोसेकंदांची. बारा मिळून 3.24 मिलिसेकंद. बस एक तृतीयांशही भरत नाही. पण बघायचं ते हे, की सेन्सरचं माप कंट्रोलरपर्यंत किती शिळं होऊन पोचतं. बोलायचा नंबर ठरवायच्या तीन पद्धती त्या कसोटीवर बघू.

ठरलेला अग्रक्रम. साधा कॅन हेच करतो: आयडी लहान, हक्क मोठा. सर्वांत वरच्या संदेशाला फार तर चालू फ्रेम संपेपर्यंत थांबावं लागतं, म्हणून तो 0.54 मिलिसेकंदात पोचतो, तळाचा 3.24 मध्ये. एक फ्रेम बिघडली की एरर फ्रेम (चुकीची सूचना) आणि फेरपाठवणीचे आणखी 0.33 धरा. बहुतेक कंट्रोल लूपना (माप घेऊन सतत दुरुस्ती करणाऱ्या चक्रांना) एवढं चालतं, म्हणून सुरुवात इथूनच करावी. घोळ होतो तो दोन ठिकाणी. एक, आयडी ‘महत्त्वाचा’ म्हणून वाटले जातात. खरं तर ज्याची मुदत कमी त्याला लहान आयडी हवा. दुसरं, ड्रायव्हरमध्ये (नोडचे संदेश बसवर सोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) पाठवायची रांग आल्या क्रमाने चालते. मग तळाचा संदेश तोंडाशी अडून बसतो आणि त्याच नोडचा तातडीचा संदेश मागे कुढत राहतो. वरचा सगळा हिशेब तिथेच मोडतो.

वेळापत्रक. टीटीकॅनमध्ये, म्हणजे वेळेवर चालणाऱ्या कॅनमध्ये, मास्टर नोड सर्वांची घड्याळं जुळवणारा संदर्भ संदेश पाठवतो आणि प्रत्येकाला बोलायची आपली ठरलेली खिडकी मिळते. अनेक मोटर एका तालात फिरवायच्या असतील तर हेच घ्या, कारण इथे उशीर जवळपास स्थिर राहतो. पण सॅम्पलिंग खिडकीशी जुळवलं नाही तर माप जवळजवळ 10 मिलिसेकंद शिळं होऊ शकतं. म्हणजे साध्या कॅनपेक्षाही वाईट! खिडकी 300 मायक्रोसेकंदांची ठेवली तर मोकळीक उरते 30. दोन नोडच्या घड्याळांत 200 पीपीएमचा (दहा लाखांत 200 भागांचा) फरक असेल आणि संदर्भ संदेश तुटला, तर ती 150 मिलिसेकंदांत संपते. शिवाय या खिडक्यांत फेरपाठवणी बंद असते: फ्रेम गेली की माप पुढच्या फेरीलाच. नवा नोड येणार हे गृहीत धरून दोन-तीन खिडक्या आधीच रिकाम्या सोडा.

फरकावर नंबर. वॉल्श, ये आणि बुशनेल या संशोधकांची ही पद्धत: शेवटी पाठवलेल्या मापापासून ज्याचं माप सर्वांत दूर गेलं, तो बोलतो, बाकीचे आपलं जुनं माप टाकून ताज्यानिशी पुन्हा उभे राहतात. सेन्सर बरेच आणि बस अपुरी असेल, तरच हिच्या वाटेला जा. कॅनवर बसवताना आयडीचे वरचे 5 बिट फरकाला द्या, तेही उलटे (सर्वांत मोठा फरक म्हणजे 0), आणि खालचे 6 नोडच्या क्रमांकाला. क्रमांक वगळला तर दोन नोड एकाच आयडीने जिंकतात आणि डेटात एकमेकांना पाडतात. घेणाऱ्याचा फिल्टर (कोणते संदेश स्वीकारायचे ते ठरवणारी चाळणी) फक्त खालचे 6 बिट बघेल असा लावा. वेगवेगळ्या एककांचे फरक वजन लावून एका मापात आणा, नाहीतर दाबाचा सेन्सर तापमानाला बोलूच देणार नाही. सैल जोडणीचा, सतत उड्या मारणारा सेन्सरही बस बळकावतो. म्हणून ठरावीक काळ गप्प राहिलेल्या नोडला वरचे पाचही बिट 0 लावून बोलू द्या, आणि खऱ्या फरकाची मोजणी 1 पासून सुरू करा, म्हणजे तेव्हा सर्वांत मोठा फरक 0 नव्हे, 1.