सीटाइप्स: फुकट आहे, सोपं वाटतं, पण टाइप तुम्हीच सांभाळा

जुना फोर्ट्रानचा आणि थोडा सी चा कोड पायथनमधून चालवायचा होता, परत लिहायची हिंमत नव्हती म्हणून सीटाइप्स (सी ची तयार लायब्ररी पायथनमधून थेट चालवणारं मॉड्यूल) घेतलं. वेगळं काही इन्स्टॉल करायची कटकट नाही, 2006 च्या पायथन 2.5 पासून ते सोबतच येतं. लायब्ररी लोड करा, फंक्शनचं नाव टाका, झालं काम.. असं वाटतं खरं.

पहिल्याच दिवशी फोर्ट्रानचं सबरूटीन सापडेचना. एनएम (लायब्ररीतली नावं दाखवणारी कमांड) मारून बघितलं तेव्हा कळलं की जीफोर्ट्रान हा कंपायलर नाव स्मॉल लेटरमध्ये करतो आणि मागे एक अंडरस्कोर चिकटवतो. वर फोर्ट्रानला सगळं मेमरीतल्या पत्त्याने लागतं, साधा एक आकडा द्यायचा तरी बायरेफ, म्हणजे त्याचा पत्ता. आता मी सरळ फोर्ट्रान 2003 वालं बाइंड सी (नाव सी च्या पद्धतीने ठेव) लावतो आणि सुट्या आकड्यांना व्हॅल्यू (पत्ता नको, आकडाच घे) लिहितो, दोन्ही भानगडी मिटतात. टू-डी अ‍ॅरे मात्र बघून द्या, फोर्ट्रान कॉलमने वाचतो आणि नमपाय (पायथनची अ‍ॅरे लायब्ररी) रोने ठेवतो, एरर काही येत नाही, फक्त उत्तर चुकतं.

खरा दणका सी ने दिला. एक फंक्शन उत्तर म्हणून पॉइंटर (मेमरीतला पत्ता) परत करत होतं आणि मी रेसटाइप (परत येणाऱ्या उत्तराचा टाइप) लिहायला विसरलो, मग सीटाइप्स गपचूप धरून चालतं की उत्तर इंट (साधा पूर्णांक) आहे. इंट 4 बाइटचा, पत्ता 8 बाइटचा, वरचा अर्धा पत्ता गायब. प्रिंट केलं तर चक्क उणे आकडा!! तोच पुढच्या फंक्शनला दिला की सेगफॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लावला म्हणून प्रोग्राम बंद), ना ट्रेसबॅक (चूक कुठे झाली ते सांगणारा मेसेज) ना काही, पायथन थेट आडवा. चूक माझीच, डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय, पण निदान एक वॉर्निंग द्यायला काय जातं?

कॉलबॅक (सी ने उलट बोलवायचं पायथनचं फंक्शन) दिला तर त्याचा ऑब्जेक्ट कुठेतरी व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा, नाहीतर गार्बेज कलेक्टर (वापरात नसलेली मेमरी साफ करणारा) उचलून नेतो. स्पीडचं म्हणाल तर लूपमध्ये लाखवेळा कॉल केलात तर रडाल, अख्खा अ‍ॅरे एकदाच पाठवा. सीडीएलएल (लायब्ररी लोड करायचा सीटाइप्सचा क्लास) कॉल चालू असताना जीआयएल (एकावेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं कुलूप) सोडतं, त्यामुळे थ्रेड मस्त चालतात, हे आवडलं.

दहावीस फंक्शन असतील तर बिनधास्त घ्या. सी++ चे क्लास असतील तर नादाला लागू नका, पायबाइंड11 ही लायब्ररी बघा.

पाचपैकी साडेतीन. अर्धा स्टार कमीच देणार होतो, पण नंतर फॉल्टहँडलर सापडला, तो चालू ठेवला की सेगफॉल्ट झाला तरी कुठल्या ओळीवर मेला ते दिसतं.